जुन्या गाडीची दुसरी किल्ली

सेकंडहँड गाडीचा सौदा ठरतो तेव्हा आरसी, विमा, पीयूसी, टायर, एसी, इंजिनाचा आवाज असे सगळे तपासून होते. किल्ल्या किती आहेत हा प्रश्न निघालाच तर अगदी शेवटी, पैसे मोजून झाल्यावर. ‘एकच आहे हो, दुसरी घरात कुठेतरी असेल, सापडली की देतो,’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ती सहसा सापडत नाही आणि घेणाराही तेवढ्यासाठी सौदा मोडत नाही. किल्लीचे काय एवढे, कोपऱ्यावरचा चावीवाला करून देईल, असा आपला हिशेब असतो. कुर्ल्यात बनणारी पद्मिनी, अँबेसेडर आणि सुरुवातीची मारुती ८०० यांच्या काळात हा हिशेब बरोबर होता. गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांना तो लागू पडत नाही. पूर्वी किरकोळ पैशांत होणारे काम आता काही हजारांवर जाते, आणि एकही किल्ली हाती उरली नसेल तर गाडी टोइंग करून न्यावी लागते. ‘कंपन्या लुटतात,’ असे लोक यावर म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. किल्लीच्या किमतीत धातू आणि प्लास्टिक यांचा वाटा थोडा असतो. बाकी किंमत दोन आकड्यांची असते: एक पाते कसे कापायचे ते सांगणारा, दुसरा इंजिन सुरू होऊ देणारा. हे आकडे ज्याच्या ताब्यात, तो किल्लीचा भाव ठरवतो. ते गाडीच्या मालकाच्या ताब्यात असायला हवेत, आणि एक किल्ली चालू आहे तोवरच त्यांची सोय लावून ठेवायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

हे पटायचे तर आधी किल्ली उघडून पाहायला हवी. तिच्या एका मुठीत तीन वेगवेगळी कामे करणाऱ्या तीन वस्तू असतात. धातूचे पाते दार उघडते आणि इग्निशनचे कुलूप फिरवते. प्लास्टिकच्या आत दडलेली सेंटिमीटरभर लांबीची चिप इंजिनाला परवानगी मिळवून देते. बटणांचा रिमोट सेंट्रल लॉकिंग चालवतो. सेल संपतो तो या रिमोटचा, म्हणजे सीआर२०३२ किंवा त्याच जातीतला तीन व्होल्टचा चपटा सेल. चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे बसवलेले असते; त्यातून निघणाऱ्या लहरींवरच चिपला क्षणभरापुरती वीज मिळते आणि ती उत्तर देते. म्हणून अशा गाडीचा रिमोट बंद पडला तरी पाते घालून दार उघडते आणि गाडी सुरू होते. उलटा प्रकार जास्त त्रासाचा. मुठीचे कव्हर तुटते, बाजारात नवे कव्हर स्वस्तात मिळते, माणूस घरीच रिमोटची पट्टी काढून नव्या कव्हरात बसवतो, आणि जुन्या कव्हराच्या कोपऱ्यात चिकटलेली काळी चिप केरात जाते. मग दारे उघडतात, बटणे चालतात, किल्ली फिरते, पण गाडी सुरूच होत नाही किंवा एकदोन सेकंद चालून बंद पडते, आणि डॅशबोर्डवर किल्लीचे चित्र लुकलुकत राहते. काही मॉडेलांत ही चिप रिमोटच्या पट्टीवरच जोडलेली असते, तिथे ही भीती नाही. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत आणखी एक गोंधळ आहे. पुष्कळदा रिमोट कंपनीचा नसतोच. ॲक्सेसरीच्या दुकानातून नंतर बसवलेल्या अलार्मचा असतो, आणि त्याचा किल्लीशी काही संबंध नसतो. तो बिघडला म्हणून गाडीच्या कंपनीकडे धाव घेण्यात अर्थ नाही. त्याची पेटी डॅशबोर्डखाली असते आणि नवा रिमोट जुळवणे किंवा अख्खा अलार्म बदलणे हे पुन्हा ॲक्सेसरीवाल्याचेच काम.

आता पाते. कुलपाच्या नळीत पितळेच्या लहान लहान पत्र्या ओळीने बसवलेल्या असतात, गाडीच्या कुलपात बहुधा आठ ते दहा. प्रत्येकीमागे स्प्रिंग. योग्य किल्ली आत गेली की सगळ्या पत्र्या नळीच्या पृष्ठभागाशी समपातळीत येतात आणि नळी फिरते. एखादी जरी वर किंवा खाली राहिली तरी अडते. पात्यावरची प्रत्येक खाच ठरावीक तीन-चार खोल्यांपैकी एका खोलीची असते, आणि दोन खोल्यांतला फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. चार खोल्या आणि आठ जागा धरल्या तर कागदावर ६५,५३६ रचना होतात. प्रत्यक्षात कंपन्या त्यातल्या थोड्याच वापरतात, कारण सगळ्या खाचा सारख्याच आल्या तर कुलपाला अर्थ उरत नाही आणि शेजारशेजारच्या खाचा फारच उंचसखल झाल्या तर किल्ली आत जाताना अडकते. यातली आपल्या गाडीची रचना कोणती, हे सांगणारा छोटासा क्रमांक म्हणजे की-कोड. नव्या गाडीबरोबर किल्ल्यांच्या जुडग्यात धातूचा किंवा प्लास्टिकचा एक बिल्ला येतो, त्यावर तो ठोकलेला असतो. बहुतेक घरांत हा बिल्ला पहिल्याच आठवड्यात ड्रॉवरमध्ये जातो आणि गाडी विकताना तिथेच राहतो.

या बिल्ल्याची किंमत कळते ती डुप्लिकेट करताना. चावीवाल्याच्या यंत्रात दोन पकडी असतात. एकीत तुमची किल्ली, दुसरीत कोरे ब्लँक. एक टोक तुमच्या किल्लीच्या चढउतारावरून फिरते आणि त्याच्याशी जोडलेले चाक तसाच चढउतार ब्लँकवर कापते. यंत्र प्रामाणिक असते, आणि अडचण नेमकी तीच आहे. पंधरा वर्षे रोज वापरलेल्या किल्लीच्या कडा झिजून गोलावलेल्या असतात, खाचांची टोके बसलेली असतात. यंत्र त्या झिजेचीही नक्कल करते, वर स्वतःची थोडी चूक मिसळते. नवी किल्ली चकचकीत दिसते, पण कुलपात जुनीपेक्षा जास्त अडते. मग मालकाला वाटते, कुलूपच गेले. तिसरी किल्ली या दुसरीवरून केली तर बिघाड आणखी वाढतो. कोड हाती असेल तर हा प्रश्नच येत नाही. यंत्राला आकडा द्यायचा, ते कारखान्यातून निघालेल्या पहिल्या किल्लीइतकेच अचूक पाते कापते. झिजलेली किल्ली समोर नसली तरी चालते. बिल्ला हरवला असेल तर चांगला कारागीर झिजलेल्या किल्लीच्या खाचा मोजून मूळ खोल्या कोणत्या असाव्यात ते ताडतो, कारण अधलीमधली खोली असूच शकत नाही. पात्याच्या दोन्ही अंगांना नागमोडी चर असलेल्या किल्लीलाही हेच लागू आहे. बाजारात तिला लेझर कट म्हणतात, कापते मात्र फिरते कटरच.

किल्लीही नाही आणि कोडही नाही, अशा वेळी रस्त्यावरचा जुना कारागीर जे करतो ते बघण्यासारखे असते. तो कोऱ्या ब्लँकची कड कानशीने घासून एकसारखी करतो, कुलपात घालतो आणि फिरवण्याचा जोर देऊन हलकेच वरखाली हलवतो. बाहेर काढून उन्हाकडे तिरकी धरतो. ज्या पत्र्या अडल्या त्यांचे बारीक ठिपके कडेवर उमटलेले असतात. त्या ठिपक्यांवर कानशीचे एकदोन हात, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. ठिपका उमटायचा थांबला की ती जागा झाली. नीट हात बसलेला माणूस काही न तोडता कुलूप उघडतो. पण हे झाल्यावर हाती येते ते फक्त पाते. १९९० सालच्या गाडीला तेवढे पुरते. २०१० सालच्या गाडीचे दार उघडेल आणि इंजिन हूं की चूं करणार नाही.

ही चिप कशाला हवी, साधी किल्ली काय वाईट होती, असा आक्षेप जुने गाडीवाले हमखास घेतात. त्याचे उत्तर आकड्यांत आहे आणि ते कंपन्यांच्या बाजूने जाते, हे मान्य करायला हवे. सुरुवातीचे प्रयत्न बाळबोध होते. १९८६ साली जनरल मोटर्सने कॉर्व्हेटच्या किल्लीत एक रेझिस्टर बसवला. त्याच्या रोधाची मूल्ये होती फक्त पंधरा, म्हणजे चोराने पंधरा किल्ल्या बाळगल्या की झाले. खरा बदल झाला तो १९९० च्या दशकाच्या मध्यात, बिनसेलाची रेडिओ चिप आल्यावर. जर्मनीत विमा कंपन्यांनी आग्रह धरला आणि ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारे साधन, सक्तीचा झाला. यान फान अवर्स आणि बेन व्होलार्ड या दोन अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्समधल्या चोऱ्यांचा अभ्यास करून २०१६ साली निष्कर्ष मांडला, की १९९५ ते २००८ या काळात या एका साधनामुळे मोटारचोऱ्या सरासरी ४० टक्क्यांनी घटल्या. उलटा पुरावा अमेरिकेचा. तिथे इमोबिलायझरची सक्ती नव्हती. विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत तो मूळचाच होता, ह्युंदाई आणि कियाच्या गाड्यांत फक्त २६ टक्क्यांत. इग्निशनचे कुलूप तोडून यूएसबी वायरच्या टोकाने ते फिरवायचे, असे व्हिडिओ २०२१-२२ मध्ये पसरले आणि पोरासोरांनी त्या गाड्या पळवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी दोन्ही कंपन्यांनी गाडीमालकांच्या दाव्यात सुमारे २० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. तेव्हा चिप हे गिऱ्हाइकाला पिळण्याचे ढोंग आहे, असे म्हणता येत नाही. आपल्याकडेही मारुतीने आयकॅट्स या नावाने हेच साधन आणले आणि इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या.

चिप हवी, हे ठरले तरी तिची माहिती कुणाकडे असावी हा प्रश्न वेगळा आहे, आणि माझा रोख त्यावर आहे. गाडी आणि चिप यांच्यातला व्यवहार असा. किल्ली फिरली की गाडीतला संगणक चिपला एक आकडा विचारतो, चिप तिच्या पोटातल्या गुप्त आकड्याच्या आधारे गणित करून उत्तर देते, उत्तर जुळले तरच इंजिन चालू राहते. साध्या, जुन्या चिपा एवढेही करत नाहीत. एकच ठरावीक क्रमांक सांगतात. नवी किल्ली या ओळखीत आणण्याचे रस्ते दोन. पहिला नकलेचा: चालू किल्लीच्या चिपवरून कोऱ्या चिपवर नक्कल उतरवायची, गाडीला ती जुनीच किल्ली वाटते. ठरावीक क्रमांकाच्या चिपांची नक्कल सोपी, गुप्त गणिताच्या काही चिपांचीही होते. दुसरा नोंदणीचा: स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला यंत्र जोडून गाडीच्या संगणकाला सांगायचे, की ही आणखी एक किल्ली मान्य कर. त्यासाठी बहुतेक गाड्या एक पिन मागतात, आणि तो पिन गाडीच्या सतरा अक्षरी चासी क्रमांकावरून कंपनीच्या नोंदीतून निघतो. अमेरिकेतल्या फोर्डच्या अनेक जुन्या मॉडेलांत दोन चालू किल्ल्या असतील तर मालक स्वतःच तिसरी जोडू शकत असे, कुठल्याही यंत्राविना. एकच उरली की ती सोय बंद. या एका नियमात सगळे आले: दोन किल्ल्या असलेला माणूस मालक, एक किल्ली असलेला गरजू, आणि एकही नसलेला याचक.

एकही किल्ली नसली की काय होते तेही पाहू. पिन मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर कारागीर डॅशबोर्ड उघडून इमोबिलायझरची पेटी किंवा इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, बाहेर काढतो. त्याच्या पट्टीवर आठ पायांची एक मेमरी असते. तिच्या पायांना चिमटा लावून, कधी गरम हत्याराने ती उचलून, आतला मजकूर संगणकावर वाचतो, पिन शोधतो किंवा नव्या किल्लीचा क्रमांक लिहितो आणि सगळे जागच्या जागी बसवतो. काम नाजूक आहे. हात घसरला तर किल्लीच्या जोडीला ईसीयूचाही खर्च. १९९० च्या दशकातल्या युरोपातल्या कित्येक फियाट गाड्यांत तर याहून कडक बंदोबस्त होता. गाडीबरोबर एक लाल मास्टर किल्ली आणि कोडचे एक कार्ड मिळे, आणि नवी किल्ली जोडायला लाल किल्लीच लागे. ती हरवली तर किल्लीसाठी गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू बदलायची वेळ येई. तरीही मला ती पद्धत प्रामाणिक वाटते. कडक होती, पण माहिती मालकाच्या हातात देऊन मोकळी होत होती. नंतरच्या पद्धतींनी लाल किल्लीचा ताप वाचवला आणि माहिती मात्र कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवली.

सर्व्हरवरची माहिती कंपनी असेपर्यंतची. तळेगावच्या कारखान्यात शेव्हरोलेट स्पार्क आणि बीट बनत होत्या. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री बंद केली आणि आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे. रांजणगावला पुंटो आणि लिनिया बनत होत्या, त्याही गेल्या. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झालेल्या नाहीत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि फिटनेस तपासून पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, त्यामुळे यातल्या पुष्कळ गाड्या आणखी बरीच वर्षे चालतील. जाताना कंपन्यांनी सेवा आणि सुटे भाग देत राहू असे सांगितले होते. पण बाजूच्या गल्लीतले वर्कशॉप बंद होऊन जवळचे केंद्र शंभर किलोमीटरवर गेले, की अर्ज, ओळखपत्र, आरसी आणि वाट पाहणे हे सगळे आले. ज्याच्याकडे दोन चालू किल्ल्या आणि बिल्ला आहे त्याला याचे फारसे सोयरसुतक नसते.

मालकाला कोड आणि पिन दिला तर चोरालाही मिळेल, हा यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण लपवाछपवीने चोर अडतो का, याचा इतिहास पाहावा. मेगामॉस नावाच्या इमोबिलायझर चिपमधले दोष बर्मिंगहॅम आणि नायमेखन विद्यापीठांच्या संशोधकांनी शोधले आणि चिप बनवणाऱ्या कंपनीला २०१२ सालीच कळवले. २०१३ साली फोक्सवॅगनने इंग्लंडच्या न्यायालयातून त्यांच्या निबंधाला मनाई मिळवली. निबंध अखेर २०१५ साली प्रसिद्ध झाला, तोही फक्त एक वाक्य गाळून. दोन वर्षे सामान्य गाडीमालक अंधारात राहिले. चिपा गाडीगाडीत होत्या तशाच होत्या. बिनकिल्लीच्या, बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचे तेच. झुरिचच्या संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांची दहा मॉडेले तपासली आणि खिशातल्या किल्लीचा संदेश दुरून पुढे पाठवून दहाही गाड्या उघडून आणि सुरू करून दाखवल्या. तिथे कोड लागला नाही, पिन लागला नाही. ज्याला चोरी करायची त्याच्याजवळ यंत्रे पोचतातच. कोडविना अडतो तो आरसी हातात घेऊन उभा असलेला मालक. शिवाय माहिती देणे म्हणजे ती चव्हाट्यावर टांगणे असे नाही. अमेरिकेत ओळख तपासून नोंदवलेले किल्लीकारागीर कंपन्यांकडून कोड घेऊ शकतात, गिऱ्हाइकाची मालकी तपासण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते आणि प्रत्येक मागणीची नोंद राहते. कॅलिफोर्नियाने तर २००६ साली कायदाच केला, की मालकाला नोंदणीकृत कारागिरामार्फत नवी किल्ली करून घेता यावी अशी सोय कंपन्यांनी रात्रंदिवस ठेवावी. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचा समावेश केला. दिशा बरोबर आहे. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याची नोंदणी आणि त्याला रीतसर कोड मिळण्याची सोय, हे त्याचे पुढचे पाऊल असायला हवे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: असल्या भानगडी नकोत, थेट कंपनीत जावे. ज्यांची गाडी चालू मॉडेलची आहे आणि वर्कशॉप जवळ आहे त्यांनी जरूर जावे. जुन्या गाडीसाठी मात्र बाहेरचा कारागीर हा नाइलाजाचा पर्याय राहिलेला नाही. चिनी कंपन्यांचे सार्वत्रिक रिमोट आता सगळीकडे मिळतात. कारागीर यादीतून मॉडेल निवडतो आणि कोऱ्या रिमोटमध्ये त्या गाडीची भाषा भरतो. बंद झालेल्या मॉडेलांसाठी ही खरी सोय आहे. भंगारातून, म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून, दुसऱ्या गाडीची किल्ली उचलून आणायची युक्ती मात्र बहुधा फसते, कारण कित्येक चिपा एकदा एका गाडीशी जुळल्या की दुसरीला जुळत नाहीत. अशा किल्लीचे कव्हर कामाला येते, पोट येत नाही. बाहेरच्या कारागिराचा धोका आहे तो माणसाचा. म्हणून जो आरसी आणि ओळखपत्र न बघता किल्ली करायला बसतो, त्याच्याकडून उठावे. तुमची कागदपत्रे न मागणारा उद्या दुसऱ्याचीही मागणार नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. दोन लाखांची गाडी, तिच्या किल्लीला इतके पैसे? त्यावर काहीजण स्वस्त तोड काढतात: चालू चिप इग्निशनच्या वेटोळ्याजवळ आतून कायमची चिकटवायची आणि साध्या धातूच्या किल्लीने गाडी वापरायची. चालते, यात शंका नाही. पण मग गाडीला इमोबिलायझर असून नसल्यासारखा, आणि ती अर्धवट कानस मारलेल्या किल्लीनेही पळवता येते. वर विम्याचा प्रश्न आहे. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी मूळ किल्ल्यांचा पूर्ण संच मागते. एकच दाखवली तर दुसरीचे काय झाले याचे लेखी उत्तर द्यावे लागते आणि दावा रेंगाळतो. किल्ली हरवली त्याच दिवशी पोलिसांत किंवा त्यांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद केलेली असेल तर ते उत्तर तयार असते. नवी किल्ली जोडताना जुनी, हरवलेली किल्ली संगणकातून काढून टाकायलाही सांगावे. त्याचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत, आणि मग ती कुणाला सापडली तरी त्याला दार उघडता येईल, गाडी नेता येणार नाही. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने तर हे पहिल्या महिन्यातच करावे, कारण आधीच्या मालकाची ‘घरात कुठेतरी’ असलेली किल्ली अजून त्या गाडीला मान्य असते.

फोनच किल्ली होणार आहे, मग ही उठाठेव कशाला, असेही कुणी म्हणेल. नव्या गाड्यांपुरते ते खरे आहे, पण फोनच्या किल्लीचा हिशेबही शेवटी कंपनीच्याच सर्व्हरवर असतो, आणि जुन्या गाडीला त्याचा काही उपयोग नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांची गाडी आणि एकच किल्ली आहे त्यांनी आधी घरातले ड्रॉवर आणि गाडीच्या कागदांची पिशवी पाहून कोडचा बिल्ला शोधावा, त्याचा क्रमांक कागदावर उतरवून आरसीपासून वेगळा ठेवावा. बिल्ल्याचा फोटो कुणाला पाठवू नये. त्या आकड्यावरून पाते कापता येते. मग पाते कोडवरून कापून आणि चिप जोडून एक संपूर्ण किल्ली करून घ्यावी. कारागिराकडून निघण्यापूर्वी दोन्ही किल्ल्यांनी, एकापाठोपाठ एक, दार उघडून आणि इंजिन चालू करून पाहावे, आणि दुसरी किल्ली पहिलीपासून दोन हात लांब ठेवूनच. दोन्ही एका जुडग्यात असल्या तर जवळची चिप दुसरीच्या वतीने उत्तर देते आणि चाचणी खोटी पडते. रिमोट नसला तरी चालेल, पाते आणि चिप यांच्यावर काटकसर करू नये. आणि जे जुनी गाडी घ्यायला निघाले आहेत त्यांनी टायरांच्या आधी किल्ल्या मागाव्यात. दुसरी ‘सापडली की देतो’ असे उत्तर आले, तर नव्या किल्लीचा अंदाज आधी घ्यावा आणि तेवढी रक्कम सौद्यातून सरळ वजा करावी.